ऊस तोच, माणसं तीच. मग मॉरिशस आणि फिजीच्या वाटा वेगळ्या का झाल्या?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॉरिशस आणि फिजी, दोन्ही बेटांवर इंग्रजांनी भारतातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, नेले, दोन्हीकडे ऊस लावला, दोन्हीकडे जाताना संसद ठेवून गेले. तरी आज मॉरिशसचं दरडोई उत्पन्न फिजीच्या जवळपास दुप्पट आहे. संस्कृती म्हणावी तर तीच, आर्थिक धोरण म्हणावं तर फिजीनेही बरंचसं तेच करून पाहिलं. मग देशाची भरभराट ठरवतं कोण? राजकारण, संस्कृती की धोरण? आणि भारताने यातून काय घ्यावं?

जोडी चांगली निवडलीत. माझी नोकरी निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवण्याच्या कामात गेली. इथला सूतगिरणीवाला किंवा औषध कंपनी परदेशी गिऱ्हाइकाला नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देते. पैसे बुडाले तर भरपाई द्यायची, हे आमचं काम. गिऱ्हाईक कसं आहे ते त्याच्या ताळेबंदावरून कळतं. पण त्याने पैसे बँकेत भरले आणि त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे डॉलरच उरले नाहीत तर? सरकार रातोरात उलथलं आणि गोदी बंद पडली तर? म्हणून गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या देशाचीही पत जोखावी लागते. पुढे लिहितेय ते या सवयीतून आलेलं आहे. विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञाने हेच उत्तर दुसऱ्या बाजूने मांडलं असतं.

माझ्या मते या तिघांपैकी कोण, या प्रश्नापाशी आपण उगाच अडकतो. चांगलं धोरण जाहीर करायला एक दुपार पुरते. कर कमी केला, कारखानदाराला सवलत दिली, आयात खुली केली, असं जगात कितीतरी देशांनी केलं आणि पाच-सात वर्षांत मोडून टाकलं. खरा प्रश्न असा की तेच धोरण एका देशात वीस वर्षं टिकतं आणि दुसऱ्या देशात का टिकत नाही. म्हणून धोरण वाचताना मी आधी एक गोष्ट शोधायचे: यात ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्या हातात काय आहे? मत, जमीन, पैसा की बंदूक? आणि त्याने मोडता घालू नये म्हणून त्याला काय मिळतंय? याचं उत्तर सापडलं नाही तर धोरण कितीही देखणं असलं तरी मी लांबच्या मुदतीच्या उधारीला हात आखडता घ्यायचे.

आता आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. या दोन बेटांची सुरुवात वाटते तितकी सारखी नव्हती. मॉरिशसवर मूळचं कोणी राहतच नव्हतं. डच आले, गेले. फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि त्याच सुमारास भारतातून मजुरांची जहाजं सुरू झाली. म्हणजे तिथला प्रत्येक जण बाहेरून आलेला. ‘ही आमच्या पूर्वजांची भूमी’ असा दावा कोणालाच करता येत नव्हता. फिजीमध्ये तिथलीच माणसं होती, त्यांची गावं होती, कुळं होती आणि जमीन त्या कुळांची सामाईक होती.

यात एक विलक्षण दुवा आहे. सर आर्थर गॉर्डन हा एकच इंग्रज माणूस १८७१ ते १८७४ मॉरिशसचा गव्हर्नर होता आणि १८७५ पासून फिजीचा. मळेवाल्यांच्या हाती सगळी जमीन आणि सत्ता गेली की मजुरांचं काय होतं, ते त्याने मॉरिशसमध्ये पाहिलं होतं. फिजीत त्याने मूळ रहिवाशांची जमीन विकायला बंदी केली आणि त्यांना मळ्यांवर राबावं लागू नये म्हणून मजूर भारतातून आणवले. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांच्या आसपास लोक तिकडे गेले. फिजीच्या मूळ रहिवाशांची जमीन त्यामुळे वाचली. हे मोठं काम होतं आणि त्याला मी कमी लेखणार नाही. पण त्यातूनच असा देश तयार झाला की ऊस पिकवणारा एक आणि जमिनीचा मालक दुसरा, आणि दोघांमध्ये फक्त भाडेपट्टीचा कागद.

१९६० च्या दशकात कोणी मला या दोन देशांवर पैज लावायला सांगितली असती तर मी बहुधा फिजीवर लावली असती. फिजी आकाराने मॉरिशसच्या नऊपट आणि माणसं त्याहून कमी. मॉरिशसची निर्यात म्हणजे जवळपास सगळी साखर, १९६० मध्ये पाठोपाठ दोन चक्रीवादळांनी उभा ऊस झोपवला होता, आणि बायकांना सरासरी सहा मुलं होत होती. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये त्या बेटाचा अहवाल लिहिला तेव्हा त्यांना चित्र फार अंधारं दिसलं: एवढ्याशा जागेत एवढी माणसं, एकच पीक, आणि वर आपसात राजकीय भांडणं. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला मत दिलं. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य आलं, त्याच्या दोनच महिने आधी राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल (गुलामांचे वंशज) आणि मुसलमान वस्त्यांत दंगल होऊन ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले होते. असा देश माझ्या टेबलावर आला असता तर मी रोख पैसे घेऊनच माल पाठवा म्हटलं असतं.

मग तिथे झालं काय? पैसा फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडे होता. संख्येने ते दोन टक्क्यांच्या आसपास. मतं भारतीय वंशाच्या लोकांकडे होती. ते दोन तृतीयांश. तिसरा मोठा गट क्रिओल, त्यांना हिंदू बहुमताची धास्ती. अशा ठिकाणी सोपं राजकारण एकच असतं: मळे ताब्यात घ्या आणि वाटून टाका. शेजारच्या आफ्रिकेत बऱ्याच देशांनी त्या काळात राष्ट्रीयीकरणाची तीच वाट धरली आणि पुढे परकीय चलनाला मुकले. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी ते केलं नाही. मळे मालकांकडेच ठेवले, पण साखरेच्या निर्यातीवर कर कायम ठेवला. पुढे तो असा रचला गेला की मोठ्या मळ्यावर जास्त आणि छोट्या ऊस उत्पादकाला माफी. त्या पैशावर म्हातारपणाचं पेन्शन सगळ्यांना, दवाखाना फुकट, आणि १९७७ पासून माध्यमिक शाळाही फुकट. १९६९ मध्ये तर स्वातंत्र्याला विरोध करणारे गायतां द्युव्हाल यांनाच त्यांनी सरकारात घेतलं.

याला मी तह म्हणते. पैसेवाल्याला कळलं की आपला मळा जात नाही, म्हणून त्याने भांडवल पॅरिसला नेलं नाही. मतवाल्याला कळलं की मळा आपला नसला तरी साखरेचा पैसा आपल्या पोराच्या शाळेत येतोय, म्हणून त्याने मळा पेटवला नाही. कोणालाही हवं ते पूर्ण मिळालं नाही. आणि तह मोडला तर दोघांचंही जास्त नुकसान होणार होतं, म्हणून तो टिकला.

निवडणुकीची घडणही याला मदत करणारी होती. तिथे मुख्य बेटावर एका मतदारसंघातून तीन जण निवडून येतात आणि प्रत्येक मतदाराला तीन मतं द्यावी लागतात. त्यामुळे एकाच समाजाची मोट बांधून भागत नाही. पक्षाला तिकिटं वाटतानाच सरमिसळ करावी लागते. वर हरलेल्यांपैकी आठ जणांना, ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याचा समतोल साधण्यासाठी, संसदेत घेतात. या पद्धतीवर टीका खूप होते, कारण त्यात माणसाची ओळख समाजावरून मोजली जाते, आणि ती टीका मला पटतेही. पण सुरुवातीच्या वीस वर्षांत हरलेल्याला खुर्ची मिळण्याचा उपयोग झाला. आणखी एक: मॉरिशसला नियमित सैन्यच नाही. हरलेल्याने बंदूक उचलायची म्हटली तरी ती कुठून आणणार?

फिजीत यातलं प्रत्येक उलट होतं. बऱ्याच जागा वंशवार मतदारयाद्यांवर ठरत, म्हणजे उमेदवाराला दुसऱ्या समाजाच्या दारात जायचं कारणच नव्हतं. सैन्य होतं, आणि ते जवळपास सगळं मूळ फिजीयन लोकांचं. एप्रिल १९८७ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांचा मोठा पाठिंबा असलेलं सरकार पहिल्यांदा निवडून आलं, पंतप्रधान तिमोसी बावद्रा स्वतः मूळ फिजीयन असूनही. महिनाभरात, १४ मे ला, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका सैनिक घेऊन संसदेत शिरले. सप्टेंबरात पुन्हा उठाव. १९९० च्या राज्यघटनेत पंतप्रधानपद मूळ फिजीयन माणसासाठी राखीव झालं. १९९९ मध्ये महेंद्र चौधरी हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले आणि १९ मे २००० ला बंडखोर जॉर्ज स्पेटने त्यांना संसदेतच ओलीस धरलं. त्या दिवशी राजधानी सुव्यातली भारतीयांची दुकानं लुटली गेली. २००६ मध्ये सैन्याने पुन्हा सत्ता घेतली.

आता ऊस. इथे थोडी थांबते, कारण धोरण आणि राजकारण शेताच्या बांधावर कसं भेटतं ते इथे नेमकं दिसतं. १९७६ च्या कायद्याने फिजीतल्या शेतीच्या पट्ट्यांना किमान तीस वर्षांची मुदत मिळाली. त्यातले जुने पट्टे १९९७ पासून संपायला लागले. आता आपल्याकडच्या ऊसवाल्याला विचारा. नवी लागण करायची म्हणजे नांगरट, बेणं, खत, मजुरी, सगळा खर्च पहिल्या वर्षी. तो भरून निघतो पुढच्या खोडव्यांमधून, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांना पुन्हा फुटणाऱ्या उसातून. पट्ट्याची दोनच वर्षं उरली आहेत आणि नूतनीकरण होईल की नाही हे जमीनमालक कुळाच्या आणि सुव्यातल्या राजकारणाच्या हातात आहे, अशा शेतकऱ्याने काय करावं? तो जुन्याच बुडख्यांवर खोडव्यामागून खोडवा घेत राहतो. उतारा दरवर्षी पडतो, पण खर्चही होत नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण हजारो शेतकऱ्यांनी असं केलं की कारखान्याला ऊस पुरत नाही, कारखाना तोट्यात जातो, त्याला दुरुस्तीला पैसा राहत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात फिजीची साखर पाच लाख टनांच्या घरात होती. अलीकडे ती दोन लाखांच्या आत आहे.

जमीनमालक कुळांची बाजूही सांगायला हवी. त्यांना भाडं तुटपुंजं मिळत होतं, तेही सगळं त्यांच्या हाती येत नव्हतं, आणि त्यांच्याच जमिनीवर दुसऱ्यांची पक्की घरं उभी राहिलेली ते पाहत होते. त्यांना साखरेच्या पैशात खरा वाटा मिळाला असता तर ते पट्टे संपण्याची वाट पाहत बसले नसते. म्हणून ‘भारतीयांवर अन्याय झाला’ एवढ्यावर फिजीची गोष्ट संपत नाही. अन्याय झालाच. पण मुळात तिथला तह मुदतीचा होता, आणि मुदत संपल्यावर काय, हे कोणीच ठरवलेलं नव्हतं.

धोरणाकडे येते, कारण तुमचा रोख तिकडे आहे. मॉरिशसने १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला. ही कल्पना तिथे रुजवण्याचं श्रेय चिनी वंशाचे प्राध्यापक एदुआर लिम फात यांना देतात. निर्यातीचा कारखाना बेटावर कुठेही काढा. कच्चा माल जकातीशिवाय आणा. काही वर्षं आयकर नाही. आणि या सगळ्यात जुन्या कोणाचंच काही काढून घेतलं नाही, ही त्यातली खुबी. देशांतर्गत बाजारात माल विकणाऱ्या जुन्या कारखानदारांवरचं संरक्षण तसंच राहिलं. साखर कारखान्यातल्या संघटित पुरुष कामगारांची मजुरी तशीच राहिली. नव्या कारखान्यांत आल्या त्या बहुतेक बायका, ज्या आधी मजुरीच्या बाजारात नव्हत्या, आणि त्यांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवलं होतं. त्या बायकांच्या स्वस्त श्रमावर हा चमत्कार उभा राहिला, हे स्पष्ट म्हणायलाच हवं. कौतुकाच्या लेखांत ही ओळ बहुधा गळते.

पैसा कुठून आला? मोठा वाटा साखरवाल्या घराण्यांचाच. जमीन वाढणार नव्हती, युरोपचा कोटा ठरलेला होता, मग नफा गुंतवायचा कुठे? बाकीचा आला हाँगकाँगहून. तिथल्या कापड कारखानदारांना युरोप-अमेरिकेत कोट्याची आडकाठी होती, मॉरिशसच्या मालाला युरोपात जकात नव्हती, आणि पोर्ट लुईत चिनी वंशाची माणसं बोलणी करायला होतीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रात नव्वद हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. एका काळी बेकारीने पिचलेल्या बेटावर मजूर मिळेनासे झाले.

हेच फिजीने केलं नाही का? केलं. १९८७ च्या उठावानंतर करमुक्त कारखान्यांची योजना आणली, ऑस्ट्रेलियाला कपडे जायला लागले, हजारो बायकांना काम मिळालं. पण २००० च्या उठावानंतर ग्राहकांनी ऑर्डरी काढून घेतल्या, आणि पुढे जागतिक कोटापद्धत संपल्यावर राहिलेला धंदाही आटला. कपडे विकत घेणाऱ्याला सहा महिन्यांनंतरचा हंगाम आज ठरवावा लागतो. ज्या देशात सहा महिन्यांनी सरकार कोणाचं असेल ते सांगता येत नाही, तिथे तो स्वस्त मजुरी बघूनही जात नाही. कागदावर योजना जवळपास सारखीच होती.

मॉरिशसला दैवानेही साथ दिली आणि ते हिशेबात धरलंच पाहिजे. १९७५ च्या लोमे करारात, म्हणजे आपल्या जुन्या वसाहतींशी केलेल्या व्यापार करारात, युरोपने मॉरिशसकडून दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर जागतिक भावापेक्षा चांगल्या दराने घ्यायची हमी दिली, तीही मुदतीशिवाय. फिजीलाही कोटा मिळाला, पण त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. या पैशाने मॉरिशसच्या तहाला तेल पुरवलं. पण नुसतं दैव असतं तर १९७९ लाच सगळं संपलं असतं. साखरेची तेजी ओसरली, सरकारचा खर्च मात्र चढलेला, तेल महागलेलं. मॉरिशसच्या रुपयाचं अवमूल्यन करून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावं लागलं. १९८२ मध्ये डाव्या आघाडीने बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. रस्त्यावर समाजवादाच्या घोषणा देत आलेले पॉल बेरांजे अर्थमंत्री झाले. त्यांनी मळ्यांचं राष्ट्रीयीकरण करायला घेतलं नाही; नाणेनिधीचा कार्यक्रमच पुढे चालवला. वर्षभरात सरकार फुटलं, पण पुढच्या सरकारनेही दिशा तीच ठेवली. माझ्यासारखीला देशाची पत कळते ती अशा वेळी, विरोधक सत्तेत आल्यावर.

त्याआधी १९७१ ते १९७६ तिथे आणीबाणी होती, निवडणूक लांबवली गेली, कामगार नेते तुरुंगात गेले. तेव्हा मॉरिशस म्हणजे संतांचं राज्य होतं अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आता संस्कृती. यावर लोक हिरिरीने बोलतात, म्हणून जपून लिहिते. दोन्ही बेटांवर गेलेली माणसं बऱ्याच अंशी एकाच मुलखातली: बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, तमिळ आणि तेलुगू प्रदेश. मॉरिशसला कोकणातूनही गेली. तिथले मराठी भाषक संख्येने थोडे, पण गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी तिथे आहे आणि शाळेत मराठी शिकायची सोय आहे. काटकसर, पोरांना शिकवण्याची धडपड, आजी-आजोबांसकट कुटुंब, हे सगळं फिजीतही तसंच होतं. फिजीत त्याच धडपडीने शिकलेला शिक्षक, डॉक्टर, हिशेबनीस १९८७ नंतर ऑकलंड, सिडनी, व्हँकुव्हरला गेला. १९८६ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक जवळपास निम्मे होते. २००७ मध्ये ३७ टक्क्यांवर आले. म्हणजे संस्कृतीने माणूस घडवला, पण त्याचा फायदा कोणत्या देशाला मिळायचा ते राजकारणाने ठरवलं.

संस्कृतीचं खरं काम मला दुसरीकडे दिसतं: भांडण कसं मिटवायचं याची सवय. दोन उदाहरणं देते. १९६० च्या दशकात कुटुंबनियोजन तातडीचं होतं, पण कॅथलिक चर्चचा गर्भनिरोधक साधनांना विरोध. सरकारने साधनं वाटणाऱ्या संस्थेलाही पैसा दिला आणि चर्चला मान्य असलेली नैसर्गिक पद्धत शिकवणाऱ्या संस्थेलाही. दहा-पंधरा वर्षांत जननदर निम्म्यावर आला. दुसरं उदाहरण १९९८ चं. नव्या नोटांवर इंग्रजीखाली नेहमीच्या तमिळऐवजी हिंदी आली आणि तमिळ तिच्याखाली गेली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. तमिळ भाषकांपेक्षा हिंदू उत्तर भारतीय कितीतरी जास्त, सरकार त्यांच्या भरवशावरचं. तरी नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापल्या. छपाईचा खर्च वाया गेला असं कोणी म्हणेल. मी तो विम्याचा हप्ता समजते. संख्येने लहान असलेल्याचं ऐकून घेतलं जातं हे एकदा नोटेवर दिसलं की पुढच्या दहा भांडणांत तो वाटाघाटीला बसतो.

या तहाची किंमतही आहे आणि ती अजून फिटलेली नाही. मळे वाटले नाहीत, म्हणून जमीन आजही थोड्या घराण्यांकडे एकवटलेली आहे. उसाच्या जागी आता त्यावर बंगले आणि हॉटेलं येतात. क्रिओल समाज तहात सर्वांत कमी घेऊन उठला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मेला तेव्हा बेट काही दिवस पेटलं होतं. साखरेला मिळणारा युरोपचा भाव २००६ नंतर ३६ टक्क्यांनी कापला गेला, कपड्याचा कोटा त्याआधीच संपला होता. देशाने पर्यटन, बँकिंग, माहिती तंत्रज्ञानाकडे वळून तेही निभावलं. भारताशी असलेल्या करारामुळे तिथून आपल्याकडे येणाऱ्या गुंतवणुकीला मोठी करसवलत होती. २०१६ मध्ये आपण ती बदलली. २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात घेतलं, कोविडने पुढच्याच वर्षी खाली ओढलं. आता म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय, कर्ज वाढलंय, आणि ज्या पेन्शनवर तह उभा राहिला तिचंच वय ६० वरून ६५ वर न्यायचा वाद पेटलाय. ही तिथली पुढची परीक्षा.

भारतासाठी काय? बारा-तेरा लाखांच्या बेटाचा नमुना एकशे चाळीस कोटींना लागू होत नाही. पाच लाख टन साखरेच्या कोट्यावर आपला एखादा जिल्हाही फार काळ तरणार नाही. पण नुकसान होणाऱ्याला काय मिळतंय, हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच कामाचा आहे. जीएसटी आणताना कर बसवण्याचा अधिकार गमावणाऱ्या राज्यांना केंद्राने पाच वर्षं, दरसाल १४ टक्के वाढ धरून, भरपाईची कायदेशीर हमी दिली. महाराष्ट्रासारख्या जास्त उत्पादन करणाऱ्या राज्याचा विरोध त्यामुळे मावळला. कोविडच्या वर्षी त्या पैशावरून भांडणं झाली, पण कर टिकला. शेतीचे तीन कायदे सप्टेंबर २०२० मध्ये झाले आणि पुढच्या वर्षी मागे घेतले गेले. त्या कायद्यांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. अर्थतज्ज्ञांमध्येही त्यावर एकमत नव्हतं. पण पंजाबातल्या शेतकऱ्याला हमीभावाच्या खरेदीची भीती होती आणि तिच्याबद्दल त्याच्याशी आधी कोणी बोललं नव्हतं. एका बदलात गमावणारा आधीच बोलणीत होता, दुसऱ्यात नव्हता.

तर तुमच्या तिघांची सांगड मी अशी घालते: राजकारण तह करतं किंवा मोडतं; धोरण त्या तहाच्या मर्यादेतच चालतं; संस्कृती माणसं आणि सवयी पुरवते, आणि तह टिकला तर त्या सवयी मुरतात. यात अपवाद आहेत. तेल सापडलेल्या देशात हे गणित बरंच बिघडतं, आणि दक्षिण कोरियाने पहिली पंचवीस वर्षं बहुतेक काळ लष्करी राजवटीत काढून प्रगती केली, तेव्हा लोकशाही ही पूर्वअट आहे असंही मी म्हणणार नाही. पण जमीन एकाची, मतं दुसऱ्याची आणि पैसा तिसऱ्याचा अशा मिश्र देशांत मला हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

तुम्ही शेवटी विचारलंय की फिजी सावरेल का. काही गोष्टी बदलल्या आहेत. २०१३ च्या राज्यघटनेने वंशवार मतदारयाद्या गेल्या. २०१० च्या जमीन वापराच्या कायद्याने ९९ वर्षांपर्यंतचे पट्टे देता येतात. २०२२ मध्ये राबुका निवडणुकीतून पंतप्रधान झाले आणि मे २०२३ मध्ये त्यांनी १९८७ च्या उठावाबद्दल भारतीय वंशाच्या लोकांची जाहीर माफी मागितली. पर्यटन चांगलं चाललंय. तिथे मी विकासदराकडे कमी बघेन. किती पट्टे खरोखर लांब मुदतीने नव्याने झाले, आणि उसाच्या क्षेत्रात नव्या लागणीचं प्रमाण खोडव्याच्या तुलनेत वाढतंय का, हे दोन आकडे दरवर्षी पाहा. साखर उद्योगाच्या वार्षिक अहवालांत ते शोधावे लागतील.